रक्ताच्या नातेवाइकांसाठी

"घरात आणखी कुणाला कॅन्सर झाला होता?" नागपूरच्या डॉक्टरांनी विचारले. गौरीच्या मोठ्या आतड्यातल्या गाठीचा अहवाल त्यांच्यासमोर होता.

"बाबांना. बेचाळिसाव्या वर्षी गेले. आणि साधनाआत्याचे दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झाले."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. "मग आत्यांची जनुकीय तपासणी झाली असणार. त्या तपासणीचे पत्र तुम्हाला मिळाले नाही?"

पत्र आर्णीला होते, चंद्रशेखरकाकांच्या कपाटात. घराच्या रिवाजाप्रमाणे आत्याने दवाखान्याची फाइल थोरल्या भावाच्या हाती दिली होती आणि सर्वांना कळवण्याचे काम त्यांच्यावर सोपवून ती निश्चिंत झाली होती.

रविवारी गौरी तिथे पोहोचली तेव्हा काका आपल्या मुलीच्या, गुंजनच्या, बुधवारी होणाऱ्या साक्षगंधाच्या म्हणजे साखरपुड्याच्या पाहुण्यांची यादी करत होते. गौरीने मागितल्यावर त्यांनी फाइल काढून दिली. रक्ताच्या सर्व नातेवाइकांनी तपासणी करून घ्यावी, जनुकांत तोच दोष आढळल्यास पंचविशीपासून दर एक-दोन वर्षांनी दुर्बिणीने आतडे तपासावे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. गौरी आता एकतीस वर्षांची होती.

"काका, हे दोन वर्षं तुमच्यापाशी होतं?"

"अवं, गुंजनची सोयरीक पाहून राह्यलो होतो. घराण्यात असा रोग आहे म्हटलं तर कोणी दारात पाय ठेवला असता? तिचं उरकलं का सांगणारच होतो."

"माह्यं तर लग्न झालेलं होतं. मले काहून नाही सांगितलं?"

"तुले सांगतलं का तुह्या सासरी जाणार, तिथून गावभर. अन् मले पाय, साठीचा झालो. काय झालं मले?"

"तुम्हाले झालं नाही म्हणजे तुमच्यात नाही, असं कोणं सांगितलं? तुमच्यातून गुंजनमधी आलं असन तर?"

"शुभ बोल, पोरी!"

गौरीचा आवाज चढला. डॉक्टरांनी तिला समजावले होते: या दोषामुळे पेशींतल्या चुका दुरुस्त होत नाहीत, पण चुकांनी भरलेली पेशी शरीराला परकी वाटते, म्हणून रोगप्रतिकारक पेशी तिच्यावर धावून जातात. गौरीच्या गाठीत त्यांची दाटी आढळली होती. प्रतिकारशक्तीला बळ देणारी इंजेक्शने लागू पडतील, ही आशा त्यावरच होती.

"त्या पेशींना वाचता येत नाही काका, तरी त्या माह्यासाठी लढून राह्यल्या. तुम्ही वाचलं, अन् कपाटात ठेवलं!"

चहा घेऊन आलेली गुंजन दारातच थांबली होती. तिने ट्रे टेबलावर ठेवला.

"ताई, मले सहा महिन्यांपासून रक्त पडते. आई मूळव्याधीचं चूर्ण देते."

"उष्णता असन ती," काका घाईने म्हणाले. "बुधवार होऊन जाऊ दे, मंग दाखवू."

गुंजनने त्यांच्याकडे पाहिले. मग नियोजित वर अनिमेषला फोन लावला. काकांनी फोन घेण्यासाठी हात पुढे केला. गौरी मध्ये उभी राहिली.

"अनिमेष, बुधवारचं साक्षगंध होणार नाही. आमच्या घरात आतड्याचा कॅन्सर आहे, पिढीजात. मले आधी तपासणी कराची आहे... नाही, मलेही आताच समजलं." ती क्षणभर ऐकत राहिली. "हो, तुमच्या घरी सांगा. पण तुम्हीच सांगा. माह्या बाबांच्या निरोपाची वाट नका पाहू."