हाताचा अंदाज

धाऊने पान्यावर सगळं अंग टाकलं. मुरबाडच्या दुकानातून आणलेलं नवं गास्केट हेडखाली बसवून झालं होतं; पिकअपच्या इंजिनाचा शेवटचा हेड बोल्ट थोडा फिरला आणि थांबला. बोल्ट थांबला की आपलं मनगट, हे त्याला नीट कळलं नाही.

"बाबा, येकदा हा लावून बगा," दीपेश म्हणाला. वाशिंदच्या मित्राकडून त्याने टॉर्क पाना मागून आणला होता. ठरलेला जोर पडला की तो कट्कन वाजायचा.

"तीस वरसं डेपोत इंजिनं बांधली मी. माजा हात वाजत नाय, पन चुकत बी नाय."

दीपेशने पाना पुन्हा फडक्यात गुंडाळला. धाऊने उजवा हात पाठीमागे नेला. गेल्या वर्षापासून त्या हाताला मुंग्या येत होत्या. घरात त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओतूरहून फोन आला. धाऊच्या बायकोची, मालूची, धाकटी बहीण गीता महिनाभर अंथरुणावर होती. आता ती 'अक्का आली का' एवढंच विचारत होती. तिघं तसेच पिकअपमधून निघाले. टोकावडे मागे पडलं, घाटाचा चढ लागला आणि बॉनेटमधून वाफ उसळली.

मालू रस्त्याकडेच्या दगडावर बसून राहिली. दीपेशने बोलावून आणलेल्या गॅरेजवाल्याने हेडच्या बोल्टला पाना लावला, तर तो सहज फिरला. त्याच्या शेजारचाही.

"कोनी आवळले हे?"

"मीच," दीपेश म्हणाला. मग आईजवळ जाऊन खाली बघत त्याने सांगितलं, "गास्केट डुप्लिकेट निघालं, आई."

एसटी दोन तासांनी मिळाली. ते पोचले तेव्हा गीताला जाऊन तास झाला होता. तिची लेक हर्षाली मावशीच्या गळ्यात पडून म्हणाली, "शेवटपर्यंत दाराकडंच बघत होती गं."

घरी परतल्यापासून मालू मुरबाडच्या त्या स्पेअरपार्टवाल्याला शिव्या घालत होती. भाकरी थापताना, धुणं वाळत घालताना. दीपेश घरात असला की उठून बाहेर जायचा. धाऊ तिथेच बसून ऐकायचा.

गीताचं तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी मालू ओटीवर तांदूळ निवडत होती. धाऊ तिच्यासमोर येऊन बसला.

"त्या मानसाला बोलू नको गो. गास्केट चांगलं व्हतं. बोल्ट ढिले रायले. मीच आवळलेले." त्याने उजवा हात मांडीवर उलटा ठेवला. "यात जोर नाय रायला. माला म्हायत व्हतं."

मालूचे हात सुपात थांबले.

"माला त्याच दिशी कळलेलं," ती म्हणाली. "पोराला खोटं बोलता येत नाय."

"मंग त्या दुकानदाराला कशाला...?"

मालूने सुपातला एक खडा वेचला, अंगणात फेकला.

"मंग कुनाला बोलू?"