गुहेतल्या चपला

मित्रांनो, मी एक जुना, पट्टा सैल पडलेला व्हीआर हेडसेट आहे, म्हणजे डोळ्यांवर चढवला की दूरची जागा समोर उभी करणारं यंत्र. वस्तुसंग्रहालयाच्या तिकीटखिडकीखाली एक कपाट आहे. तिथे मोडक्या छत्र्या आणि कागदी कपांच्या शेजारी माझा मुक्काम असतो. खरं सांगू? मी फार थकलो आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्याचं मला काही कौतुक नाही. माझ्यात गुहा आली तेव्हा मी खरा जागा झालो. उंच कड्यातल्या या गुहेच्या भिंतींवर हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी हरणं रंगवली. पाहुण्यांच्या श्वासाच्या ओलीने रंगाचे पोपडे सुटू लागले, म्हणून गुहा कायमची बंद करायचं ठरलं. त्याआधी एक छायाचित्रकार तिचा कानाकोपरा टिपायला आत गेले. जमीन खराब होऊ नये म्हणून चपला बाहेर काढायचा नियम होता. या गृहस्थांनी काढल्या, पण दाराच्या आत! एक सरळ, एक पालथी. सगळे फोटो जोडून माझ्यातली गुहा तयार झाली, आणि तिच्यात त्या निळ्या रबरी चपलाही आल्या. हे लक्षात येईपर्यंत खऱ्या गुहेचं तोंड बांधून काढलं होतं.

सुरुवातीला माझा काय थाट होता! ज्यांना जिना चढवत नाही, अशी माणसं माझ्यामुळे कड्यावर जाऊन आली. आजीबाई हवेत हात फिरवून हरणांना गोंजारत. शाळेची पोरं मात्र आधी चपला शोधत. "चित्रं काढणारा अजून आतच आहे रे!" हा विनोद ऐकून ऐकून माझे कान किटले. त्यात घाम, केसांचं तेल आणि पट्ट्याची ओढाताण. माझा जीव मेटाकुटीला यायचा.

एका दुपारी छायाचित्रकारांच्या पत्नी आल्या. ते आदल्या हिवाळ्यात वारले होते. चपलांचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. हरणं पाहून त्या वळल्या आणि थबकल्या.

"इथेही तेच! अहो, किती वेळा सांगायचं, चपला नीट ठेवा म्हणून!"

आणि पालथी चप्पल सरळ करायला त्या वाकल्या. हात शेजारच्या स्टुलावर आपटला. तिकीटवाल्या ताई धावत आल्या. बाई हसत होत्या आणि माझी मऊ गादी आतून भिजत होती. घामाची मला सवय होती, पण हे पाणी वेगळं होतं. मला फार वाईट वाटलं.

मग त्या अधूनमधून येत राहिल्या. हरणांकडे पाहतसुद्धा नसत.

पुढे नवे, हलके हेडसेट आले. त्यांच्यासाठी गुहा नव्याने तयार करताना तंत्रज्ञाने तिच्यातून चपला पुसायला घेतल्या.

"राहू द्या ना त्या," ताई म्हणाल्या.

"अहो ताई, एवढ्या जुन्या गुहेत रबरी चपला? लोक हसतात."

"हसू द्या की. तुमचं काय जातंय?"

पण त्याचंही चूक नव्हतं. चपला गेल्या. नवी गुहा मला पेलवेना, म्हणून माझ्यात जुनीच राहिली आणि माझी रवानगी कपाटात झाली.

बाई पुन्हा आल्या, त्यांनी नवा हेडसेट लावला. त्या लगेच दाराकडे वळल्या.

"आवरलं वाटतं कोणीतरी," एवढंच म्हणाल्या. जन्मभर ज्यासाठी त्या नवऱ्याच्या कानीकपाळी ओरडल्या, ते आता झालं होतं, आणि त्यांना ते नको होतं.

ताईंनी कपाट उघडलं, मला पुसलं आणि थोडा वेळ वायर लावून चालू केलं. मी तापलो, कुरकुरलो, पण गुहा दाखवली. एक सरळ, एक पालथी. बाईंनी जरा कुठे डोळे भरून पाहिलं, तोच माझ्या बॅटरीने मान टाकली.

तेव्हापासून ताई आठवणीने मला चार्ज करतात. पण त्या आता निवृत्त होणार आहेत, आणि कपाटातलं सगळं भंगारात द्यायचं, असं बोलणं माझ्या कानावर आलं आहे.

मित्रांनो, मला कौतुक नको. झोप तर मला हवीच आहे. पण बाई आल्या आणि मी नसलो, तर त्या चपला कुठे पाहतील? म्हणून तुमच्यापैकी कुणी इथे आलंत, तर तिकीटखिडकीवर माझी चौकशी करा. मला फेकू देऊ नका. पट्टा ओढू नका, आणि जमलं तर तेवढी वायर लावा.