भेंडीची तार

महालक्ष्म्यांच्या सुटीला स्वराली पुण्याहून अमरावतीला आली आणि तिसऱ्याच दिवशी तिने आईच्या स्वयंपाकघरात अर्धा किलो भेंडीचा सत्यानाश केला. उकळून तार काढायची होती. ती निघाली नाही, भेंडी तेवढी बुडाला लागली. आई, म्हणजे अनुपमाताई, दारात उभ्या राहून बघत होत्या. छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, उदाहरण चुकतंय हे तिला पहिल्या पायरीलाच कळतं, पण मधे बोलायचं नाही ही सवय. पातेलं घासायला टाकल्यावर मात्र त्यांनी विचारलं, की हे सगळं मोबाईलवर मिळतं म्हणतेस, तर मग जमत का नाही?

मोबाईलवर खरंच सगळं मिळत होतं. मार्च महिन्यात स्वरालीचे केस पुंजक्यांनी हातात यायला लागले. सोळा वर्षं दर सहा महिन्यांनी पार्लरमध्ये औषध लावून ते सरळ करून घेतलेले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, बास करा. तिने सगळे कापून टाकले. मग खालून जे उगवलं ते तिचं स्वतःचं होतं. काळंभोर, दाट, इतकं घट्ट कुरळं की बोट घातलं तर अडकून बसावं. असे केस असलेल्या परदेशी बायका ते घरच्या घरी कसे सांभाळतात, हे ती रोज बघायला लागली. आधी केस ओले करा, म्हणे. त्यांचे भाग पाडा. जवस नाहीतर भेंडी उकळून तिचा चिकट रस लावा, वरून तेल लावा, आणि गुंता टोकाकडून वर सोडवत या. पहिल्या रविवारी हे ऐकताना स्वराली चहाचा कप हातात धरून तशीच बसून राहिली. कारण हे सगळं तिला वयाच्या सहाव्या वर्षापासून ठाऊक होतं. वलगावच्या पार्बताबाईने ते तिच्या डोक्यावर करून दाखवलं होतं, मोबाईल वगैरे काही नसताना.

हे केस तिच्या बाबांचे. बराका नावाचा टांझानियाचा मुलगा सत्त्याऐंशी साली शेतकी शिकायला अकोल्याला आला. अनुपमा तेव्हा तिथेच बी.एड. करत होती. लग्न झालं, तेव्हा केशवराव वकिलांनी लेकीशी अबोला धरला आणि नातीचं तोंड पाहिल्यावर तो मुकाट्याने सोडला. बराका लेकीचे केस स्वतःच करायचा. स्वराली तीन वर्षांची असताना मूर्तिजापूरच्या रस्त्यावर अपघातात तो गेला, आणि त्या केसांचं काय करायचं हे माहीत असलेलं घरातलं एकमेव माणूसही गेलं.

मग अनुपमाताईंनी आपल्याला येत होतं ते केलं. दर रविवारी रिठ्याने खसखसून न्हाऊ घालायचं, उन्हात कोरडं होऊ द्यायचं आणि मग फणी घेऊन बसायचं. रिठ्याने केस आणखी रखरखीत व्हायचे. फणीचे दात तुटायचे, पोर किंचाळायची, आई रडकुंडीला यायची. केशवराव दर रविवारी कोर्टाचं काहीतरी काम काढून बाहेर जायचे, कोर्टाला सुटी असली तरी. एकदा त्यांनी भीत भीत सुचवलं, की पुन्हा एकदा जावळ काढून टाकू या. त्यावर लेकीने असं पाहिलं की पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

पार्बताबाई वलगावची माळीण. सकाळच्या गाडीने टोपलं घेऊन यायची आणि त्यांच्या गल्लीत भाजी विकायची. एका रविवारी हा किंचाळा ऐकून ती टोपलं दारात ठेवून सरळ मागच्या अंगणात आली. कुणी बोलावलं नव्हतं. फणी तिने अनुपमाताईंच्या हातातून काढूनच घेतली.

"मास्तरीनबाई, कोरड्या वावरातलं रोप वढसान त तुटनच न," ती म्हणाली. "आंधी पानी द्या."

तांब्याभर पाणी तिने पोरीच्या डोक्यावर हळूहळू जिरवलं. बोटांनी केसांचे चौकोन पाडले, मेथीचे वाफे पाडतात तसे, आणि एका वेळी एकाच चौकोनात हात घातला. फणी नाहीच, नुसती बोटं, खालच्या टोकापासून. तासभर लागला. स्वराली एकदाही रडली नाही. उलट मधेच पार्बताबाईच्या मांडीवर झोपली.

तिथून पुढे अकरा वर्षं दर रविवारी हा कार्यक्रम. आणि पार्बताबाई काही एका जागी थांबणारी बाई नव्हती. तिने दही लावून पाहिलं, शाळेत पोरं नाक धरायला लागली. मेथी वाटून लावली, तर भर पावसाळ्यात पोरीच्या अंगाला डिंकाच्या लाडवाचा वास. केळं कुस्करून लावलं तो तर इतिहासच आहे. त्याचे बारीक कण केसांत असे जाऊन बसले की तीन दिवस निघता निघेनात, मुंग्या लागल्या, आणि केशवराव नातीला उंबरठ्यावर बसवून वकिली चष्मा लावून एकेक कण वेचत राहिले. जवस बरं होतं, पण वाळल्यावर पांढरे पापुद्रे धरायचे. शेवटी भेंडी सापडली. कोवळी नको, थोडी जून. आडवी चिरायची, मंद आचेवर ठेवायची आणि तार सुटली की लगेच फडक्यातून पिळून घ्यायची. तो रस लावला की केस मऊ पडायचे आणि एकेक वळण सुटं दिसायचं.

मग केशभूषा. लसणाच्या गड्ड्यांची जशी वेणी घालतात, डोक्याला धरून, तशा बारीक बारीक वेण्या ती घालायची. कधी एकवीस, कधी चोवीस. चिंध्यांनी बांधून ठेवायची आणि नवरात्रात सोडून द्यायची, की डोक्याभोवती ही एवढी काळी प्रभावळ. तिच्यात शेवंतीची फुलं खोचली तर पिना लागायच्या नाहीत. गल्लीतल्या सरळ केसांच्या मुलींना पिना लागायच्या. त्या वयात स्वरालीला या गोष्टीचा किती गर्व होता. पुण्याच्या घरात ते आठवताना तिला हसू यायचं, आणि हसता हसता ती मोबाईल बाजूला ठेवायची, कारण या आठवणीच्या पुढची आठवण चांगली नव्हती.

बारावीचं वर्ष. कॉलेजचं गॅदरिंग आठ दिवसांवर आलेलं. त्या रविवारी भेंडी लावल्यावर स्वरालीच्या मानेवर आणि कानांमागे पुरळ उठलं, आग आग झाली. प्राजक्ता नावाची तिची मैत्रीण म्हणाली, हे गावठी उद्योग बंद कर आणि चल माझ्याबरोबर. पुरळ बसल्यावर दोघी पार्लरमध्ये गेल्या. पाच तासांनी स्वराली बाहेर पडली, तेव्हा तिचे केस खांद्यावर पडत होते. वाऱ्यावर हलतही होते. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे कुणी वळून बघत नव्हतं, आणि तिला ते फार आवडलं.

त्याच संध्याकाळी चार मैत्रिणी ते केस बघायला घरी आल्या होत्या. अशात दारात पार्बताबाई उभी राहिली, वार रविवार नसताना, हातात एक छोटा डबा घेऊन. तिने स्वरालीच्या डोक्याकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. प्राजक्ताने विचारलं, या कोण?

"कुणी नाही," स्वराली म्हणाली. "आमची भाजीवाली आहे."

अकरा वर्षं जिला मावशी म्हटलं, तिच्यासमोर म्हणाली. पार्बताबाईने पदर सारखा केला आणि डबा तसाच घेऊन ती पायऱ्या उतरली. त्यानंतर तिचं टोपलं त्या गल्लीत कधी आलं नाही. अनुपमाताईंनी दोनतीनदा विचारलं. स्वरालीने अभ्यासाचं नाव पुढे केलं. पुढे इंजिनिअरिंग, नोकरी, पुणं. माफी मागायची राहून गेली आणि राहत राहत सोळा वर्षं झाली.

म्हणजे भेंडीची तार निघत नाही हे काही खरं दुखणं नव्हतं. अनुपमाताईंनी ते ओळखलं. पातेलं घासून पालथं घालत त्या एवढंच म्हणाल्या, की पार्बताबाई आता बाजारात येत नाही, गुडघे गेलेत, वलगावला मळ्यातच असते. स्कूटरची किल्ली खुंटीला आहे.

वाटेत स्वरालीने चारपाच वाक्यं तयार केली. एखाद्या मीटिंगला जावं तशी ती मनात घोकली. मळ्यात टिनाच्या सावलीत पार्बताबाई सांबाराच्या जुड्या बांधत बसली होती. कोथिंबिरीला सांबार म्हणणारं माणूसही स्वरालीला कितीतरी वर्षांत भेटलं नव्हतं. म्हातारी वाळून अर्धी झाली होती. शेजारी तिचा मुलगा गोपाल पोती शिवत होता. त्याने आधी ओळखलं आणि आईला सांगितलं, मास्तरीनबाईची स्वराली आली.

पार्बताबाईने जुडी खाली ठेवली. स्वरालीला खुणेने जवळ बसवलं, तिच्या डोक्याचा रुमाल काढला आणि त्या दोन बोटं वाढलेल्या केसांत हात घातला. बराच वेळ ती बोटांनी चाचपत राहिली. मळ्यातल्या मातीने चिरा पडलेली ती बोटं केसांना जराही अडकत नव्हती. घोकलेली वाक्यं केव्हाच पळून गेली.

"मावशी," स्वराली म्हणाली, "मी त्या दिवशी सगळ्यांपुढे तुले भाजीवाली म्हटलं होतं."

"भाजीवालीच त हावो मी." तिचा हात मात्र थांबला. "तुले समजलं, म्हनून तू मले तोडलं. तुहा राग बरोबर होता."

स्वरालीला कळेना, काय समजलं? मग पार्बताबाईने सांगितलं. त्या आठवड्यात भेंडीवर अळी आली म्हणून गोपालने सगळ्या मळ्यावर औषध फवारलं होतं. आईला सांगायचं राहिलं. तिने नेहमीसारखी तोडली आणि तीच भेंडी उकळून पोरीच्या डोक्याला लावली. दोन दिवसांनी जेवताना विषय निघाला, तेव्हा तिला ते कळलं. ती अमरावतीला आली ती कबूल करायलाच. डब्यात घरचं लोणी होतं, पुरळावर लावायला. दारात पाऊल टाकलं आणि पाहिलं तर पोरीचे ते केस नाहीसे झालेले. तिला वाटलं, आपल्या औषधाच्या भेंडीने केस जळाले, म्हणून पोरीला पार्लरात जाऊन ते असे करून घ्यावे लागले. मग कोणत्या तोंडाने मावशी म्हणवून घ्यायचं? इतकी वर्षं ती हेच धरून बसली होती.

गोपालने मान खाली घातली. सुतळी ओढत तो पुटपुटला, की चूक त्याची होती, आईची नव्हती.

स्वरालीच्या मनात क्षणभर आलं, की हो म्हणावं. किती सोयीचं होतं ते. राग होता म्हणावं, पुरळ उठलं होतं म्हणावं, आणि दोघींनी एकमेकींना माफ करून मोकळं व्हावं. पण म्हातारीचा हात अजून तिच्या डोक्यावर होता आणि त्या हाताखाली खोटं बोलवेना.

"मले काहीच माहीत नव्हतं, मावशी. केसही जळाले नव्हते, ते मी मुद्दाम करून घेतले," ती म्हणाली. "मले मैत्रिणींपुढे तुही लाज वाटली. बस, येवढंच होतं."

पार्बताबाईने हात काढून घेतला. बांधावरच्या पपईवर पोपट कलकलत होते, आणि स्वरालीला वाटलं, आता ही उठून आत जाईल.

"मंग त तू लय वाईट वागली," पार्बताबाई म्हणाली.

"हो," स्वराली म्हणाली.

"मी येवढी वर्सं सोताले कोसत बसली."

"हो, मावशी." आणि मग तिला रडू आलं. लहानपणी फणीखाली यायचं तसं, आवाज काढून. पार्बताबाईने तिला उगी केलं नाही आणि थांबवलंही नाही. रडणं ओसरल्यावर गोपालच्या खांद्याचा आधार घेऊन ती उठली आणि "चाल" म्हणाली.

विहिरीमागे भेंडीचा पट्टा होता, हिरवागार, तजेलदार. त्याच्या कडेच्या दोन सऱ्या मात्र वेगळ्याच दिसत होत्या. पानांची चाळण झालेली, शेंगा वाकड्यातिकड्या, कित्येकांना किडीची भोकं. गोपाल हसला. म्हणाला, या दोन सऱ्यांपायी आमचं दर साली भांडण होतं, आई यांना औषधाचा थेंब लागू देत नाही, सगळी कीड इथं येऊन राहते आणि माल विकायच्या कामाचा नाही. त्याला वाटायचं, झालेल्या चुकीची ही शिक्षा आई त्याला देते आहे.

स्वरालीने पार्बताबाईकडे पाहिलं.

"डोकं हाय त केस येतीनच," पार्बताबाई म्हणाली. खाली वाकून, एकेक शेंग उलटीपालटी करून, कीड नसलेल्या तेवढ्या वेचत होती तिची बोटं. "आज ना उद्या तुले लागतीन, म्हनून दर साली पेरल्या."

मूठभर शेंगा तिने स्वरालीच्या ओढणीत टाकल्या आणि पुढच्या झाडाकडे सरकली.