नाव टाकलेला लॅपटॉप

"म्हंजी कुणीतरी वापरलेला?" केशरबाईने विचारलं आणि काळ्या लॅपटॉपवरचा हात मागे घेतला.

काउंटरवर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी उघडून ठेवले होते. एक रुपेरी, पातळ, नुकताच खोक्यातून काढलेला. दुसरा काळा, जाडसर, कोपऱ्यांवर किंचित घासलेला. परभणीतलं हे दुकान हरिओम नावाच्या तिशीतल्या माणसाचं होतं. समोरच्या काचेत नवा माल आणि डाव्या भिंतीच्या फळीवर जुना, अशी त्याने दुकानाची सरळ वाटणी केली होती.

"कंपनीतला हाय, मावशी," हरिओम म्हणाला. "मोठाल्या कंपन्या दोन-तीन वर्षांनी सगळेच बदलतेत. आमी ते लॉटनं आणतो."

सुगतने महिनाभर याचाच अभ्यास केला होता. पुण्यात संगणकशास्त्राला प्रवेश मिळाल्यापासून तो मोबाइलवर दुसरं काही बघत नव्हता. त्याने आईला पुन्हा एकदा समजावलं. काळ्याची मेमरी सोळा जीबी, रुपेऱ्याची चार. आणि ती वाढवता येत नाही. काळा उघडून आतला बिघडलेला भाग बदलता येतो. रुपेऱ्यात बहुतेक सगळं एकाच पाटीवर डकवलेलं असतं. शिवाय काळा सात हजारांनी स्वस्त. तो एकेक पायरी सांगत गेला, गणित सोडवताना सांगावी तशी, आवाज न चढवता.

केशरबाईने सगळं ऐकून घेतलं. 'तीस हजारांच्या आत' एवढी एकच अट तिने घरून निघताना घातली होती. आपली आणखी एक अट आहे आणि ती कधी बोलून दाखवायची वेळच आली नाही, हे तिच्या आता लक्षात आलं.

"नवाच घ्यायचा," ती म्हणाली. "कुणाचं उतरलेलं तुझ्या हातात देणार न्हाई मी."

राणीसावरगावला ती तिसरीत असताना गावातल्या एका बाईने आपल्या मुलीचा फ्रॉक तिला दिला होता. निळा, दोन्ही बाजूंना खिसे असलेला. खिसा असलेला कपडा तिने त्याआधी घातलाच नव्हता. दुपारभर ती खिशात हात घालून गल्लीत फिरली. संध्याकाळी वडील कामावरून आले. त्यांनी तो काढायला लावला, स्वतः धुतला, वाळल्यावर घडी घातली आणि त्या घरी नेऊन दिला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की आपल्या आज्याने दीक्षा घेतली ती लोकांचं उतरलेलं अंगावर घ्यायला नाही. महिन्याभराने त्यांनी नवा फ्रॉक आणला. त्याला खिसे नव्हते.

यातलं तिने दुकानात काहीच सांगितलं नाही. सुगतने काळ्या लॅपटॉपचं झाकण अगदी हळू खाली आणलं आणि "बरं" म्हणाला.

ती पैसे देऊन पिशवीची चेन लावत होती, तेव्हा हरिओम सुगतशी हळू आवाजात काहीतरी बोलत होता. खोकं टाकू नको, एवढंच तिला ऐकू आलं.

पिंगळीला पोचल्यावर तिने लॅपटॉप बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ठेवला आणि दोघांनी वंदना म्हटली. शेजारच्या बायाही बघून गेल्या. एकीने विचारलं, एवढा पातळ कसा, अर्धा दुकानातच राहिला का? केशरबाई मनापासून हसली. सुगतही हसला, पण थोडा उशिरा.

पुढचे दोन दिवस तो लॅपटॉपसमोर बसून होता. काहीतरी सुरू करायचा आणि पडद्यावरचं गोल चक्र फिरत राहायचं. त्या वेळात तो उठून पाणी पिऊन यायचा, तरी ते फिरतच असायचं. केशरबाईने एकदा तव्याची धग बघावी तसा तळहाताचा मागचा भाग लॅपटॉपच्या पोटाला लावून पाहिला. चांगलाच तापला होता.

"नीट चालायलाय ना?" तिने विचारलं.

"चालायलाय," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तो मामाला भेटायला मानवतला गेला. एक मुक्काम करून येणार होता.

केशरबाई गावातल्या शाळेत पोषण आहार शिजवायची. नवरा गेल्यापासून तेच काम. शाळेच्या पातेल्यांवर, झाऱ्यांवर, अगदी झाकणांवरसुद्धा शाळेचं नाव कोरलेलं होतं. गावात लग्न निघालं की ही भांडी मागून नेली जात, दहा घरांच्या भांड्यांत मिसळत, आणि दुसऱ्या दिवशी नाव वाचून कुणीतरी ती बरोबर शाळेत आणून टाकी. ज्यांवर नाव नव्हतं, ती गेली. तिच्या स्वतःच्या घरातला चमचासुद्धा बिननावाचा नव्हता. आणि सुगत आता एका मोठ्या वसतिगृहात राहायला जाणार होता, जिथे प्रत्येक पोराकडे असाच एक लॅपटॉप असणार होता.

त्या दिवशी आठवडी बाजार होता. बन्सीधर भांड्यांचं दुकान लावून बसला होता. भांडं विकलं की तिथेच मशीनने त्यावर नाव टाकून द्यायचा. तिने पिशवीतून लॅपटॉप काढून त्याच्यापुढे ठेवला, तसा त्याने मशीन बंद केलं.

"बाई, ह्याच्यावर कुणी टाकत नसतंय."

"तुमाला येतं का न्हाई ते सांगा."

"येतं की. पण एकदा टाकलं की निघत न्हाई."

"निघू नये म्हणूनच टाकायचं," ती म्हणाली.

बन्सीधरने मांडीवर पोतं अंथरलं, त्यावर लॅपटॉप आडवा घेतला. मशीनची सुई थरथरत झाकणावरून फिरू लागली. स्टीलवर टर्र आवाज येतो, तसा इथे आला नाही; दात घासल्यासारखा बारीक आवाज आला आणि अक्षरांच्या कडेला पांढरा भुगा जमत गेला. 'सुगत मिलिंद खंदारे, पिंगळी' एवढं झाल्यावर तो थांबला. भांड्यावर शेवटी देणाऱ्याचं नाव असतं, म्हणून त्याने सवयीने विचारलं, "कुणाकडून टाकू?"

केशरबाईने थोडा विचार केला.

"कुणाकडून न्हाई. त्याचाच हाय तो."

तिने पदराने भुगा पुसला. अक्षर खरोखरच देखणं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सुगत आला तेव्हा तिने लॅपटॉप पलंगावर मिटून, मुद्दाम नावाची बाजू वर करून ठेवला होता. तो बराच वेळ उभ्यानेच बघत राहिला. मग खाली बसून त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

"अक्षर चांगलं आलंय," तो म्हणाला.

त्यानंतर त्याने जेवण केलं, मामाकडची खुशाली सांगितली, नव्या चादरीची घडी बॅगेत भरली. लॅपटॉप त्याने उघडला नाही.

त्याच्या दुसऱ्या दिवशी, ती शाळेत तांदूळ निवडत असताना तिला हरिओमचा फोन आला. बिलावर तिचा नंबर होता. त्याने सांगितलं की लॅपटॉप बदलून न्यायचा असेल तर उद्यापर्यंतच मुदत आहे. आठवडाभरात ओरखडा न पडलेला आणला तर बदलून देतो असं त्याने सुगतला कबूल केलं होतं, काळा बाजूला काढूनही ठेवला होता, आणि पोरगा येतो म्हणून गेला तो आलाच नव्हता.

केशरबाईने फोन ठेवला. हातातलं सूप तिने तसंच मांडीवर धरून ठेवलं. तिच्याबरोबर स्वयंपाक करणारी जोडीदारीण काय झालं म्हणून विचारत होती. तिने काही नाही म्हणून सांगितलं आणि निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायला घेतले.

घरी आल्यावर तिने विचारलं, "तू तो बदलायला जाणार होतास?"

सुगत बॅगेची पट्टी सरळ करत होता. "होतो. मानवतहून आल्यावर."

"मला कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं होतं की," तो म्हणाला. "दुकानात."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. तोच पुढे म्हणाला की राहू दे, कॉलेजच्या प्रयोगशाळेत संगणक असतात, तिथे काम करता येईल, प्रयोगशाळा संध्याकाळी पाचपर्यंत उघडी असते. तेवढ्यात जमेल तेवढं जमेल. आणि नाव टाकल्यावर दुकानदार तसाही परत घेणार नाही.

सकाळी केशरबाईने जोडीदारणीला शाळेचं सांभाळायला सांगितलं, लॅपटॉप आणि खोकं पिशवीत घातलं आणि ती एकटीच पॅसेंजरने परभणीला गेली. सुगत येतो म्हणत होता. त्याला तिने आणलं नाही. दुकानात गयावया करायची वेळ आलीच तर ती पोराच्या देखत नको होती.

हरिओमने लॅपटॉप पालथा केला, सुलटा केला, आणि नावावर बोट ठेवून तिच्याकडे बघितलं.

"मावशी, हा आता जुना झाला."

"दोन दिस तर वापरलाय."

"दोन दिस असो का दोन वर्षं. नाव पडलं की जुनाच. ह्याला मला तिकडं ठेवावं लागंल." त्याने डावीकडच्या फळीकडे हात केला.

केशरबाईने फळीकडे पाहिलं. तिथे सात-आठ लॅपटॉप मिटून ओळीने उभे होते. कुणाच्या कोपऱ्याला पोचा, कुणावर चिकटवलेल्या चिठ्ठीचा डिंक. ते कुणाचे होते ते आता कुणालाच सांगता आलं नसतं. हरिओमने आपणहूनच सांगितलं की वरचे सात हजार परत मिळणार नाहीत, पण सरळ अदलाबदल करायची असेल तर तो करून देईल. काळा न्यायचा, हा ठेवून जायचा.

"पोराला तोच पायजे होता ना?" तिने विचारलं.

"तोच. पहिल्या दिवसापासून."

तिने काळा चालू करून दाखवायला सांगितलं. आत बारीक पंखा फिरू लागला. तिने तळहाताचा मागचा भाग खाली लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. तो तापला नाही.

"कुणाचा होता हा?"

"ते कसं सांगणार, मावशी? कुणी साहेब असंल."

ती 'द्या' म्हणाली. पिशवी भरताना हरिओमने विचारलं की रुपेऱ्यावरचं नाव घासून काढू का. तिने नको म्हटलं. घासलं की खळगा पडतो, हे तिला भांड्यांवरून माहीत होतं.

त्या संध्याकाळी सुगत पिंगळीच्या घरात पलंगावर मांडी घालून बसला आणि पहिल्यांदाच त्या आठवड्यात भरभरून बोलला. हे बघ आई, इतक्यात उघडलं. हे बघ, दोन्ही सोबत चालतंय. तिला त्यातलं फारसं कळलं नाही. ती त्याच्या मागे उभी राहून पडद्याकडे न बघता त्याच्या बोटांकडे बघत होती. नव्यावर ती इतकी सैल कधी फिरली नव्हती. या लॅपटॉपवर काही लिहून आणू का, असं तिने विचारलं नाही आणि त्यानेही विषय काढला नाही.

दोन दिवसांनी तो पुण्याला गेला.

तो रविवारी फोन करायचा. जेवलास का, जेवलो. तू जेवलीस का, जेवले. लॅपटॉप कसा हाय, मस्त चालायलाय. यानंतर तो ठेवू का म्हणायचा. शाळेतून आली की ती एकटीपुरती भाकरी टाकायची. एकटीच्या भाकरीला चूल पेटवायला तेवढंच सरपण लागतं, हे तिला नव्याने कळत होतं.

मानधनाच्या कामासाठी ती परभणीला बँकेत गेली, तेव्हा येताना सहज हरिओमच्या दुकानावरून आली. रुपेरी लॅपटॉप फळीवर होता. झाकण रस्त्याच्या बाजूला होतं आणि पायरीवरून नाव नीट वाचता येत होतं. सुगत मिलिंद खंदारे, पिंगळी. ती थोडा वेळ उभी राहिली. हरिओमने आतून विचारलं, काय मावशी, चालतोय ना? तिने हो म्हणून मान हलवली.

पुढच्या वेळी बँकेत काम नव्हतं, तरी ती गेली. मग जातच राहिली. कधी मसाला आणायचा म्हणून, कधी चष्म्याची काडी बसवायची म्हणून. गाडीला वेळ असला की दुकानाच्या पायरीवर टेकायची. हरिओमही तिला पाणी द्यायचा. एकदा तिने आपल्या पदराने झाकणावरची धूळ पुसली. तो म्हणाला, पुसत जा मावशी, गिऱ्हाईकाला चांगला दिसंल. गल्लीतल्या बायांना वाटलं की हिचं परभणीत काहीतरी काम निघालेलं दिसतंय. तिने त्यांना तसंच वाटू दिलं.

दिवाळीला सुगत आला नाही. परीक्षा होती. तो म्हणाला की सुट्टीत मित्रांबरोबर एक प्रकल्प करायचा आहे, लॅपटॉप चांगला आहे म्हणून त्याला मुद्दाम घेतलंय. हे सांगताना तो खूश होता. तीही खूश झाली आणि तसं म्हणाली.

त्यानंतर ती गेली तेव्हा फळीवर त्या जागी दुसराच लॅपटॉप होता.

"गेला की, मावशी," हरिओम म्हणाला. "गंगाखेडकडची पोरगी होती, बाप होता संग. लय हुशार दिसायली होती, पण त्यांच्या हिशोबात तेवढाच बसत होता."

"नावाचं काही बोलली का?"

"तिनंच आधी वाचलं ना. म्हणाली, वरून स्टिकर लावीन."

"लावू दे," केशरबाई म्हणाली.

ती पोरगी काय शिकते, हे केशरबाईने विचारलं. ते हरिओमला माहीत नव्हतं. तो तिच्यासाठी पाणी आणायला आत वळला होता, पण तोवर ती पायरी उतरली होती. गाडीला अजून बराच अवकाश होता. ती सरळ स्टेशनवर गेली, पिंगळीचं तिकीट काढलं आणि बाकावर एका कडेला बसली. रिकामी पिशवी तिने घडी घालून मांडीवर ठेवली. समोरच्या फलाटावर पुण्याकडे जाणारी गाडी लागली होती. लोक खिडक्यांतून सामान आत देत होते. गाडी सुटेपर्यंत ती बघत राहिली.