वडील जिन्याने उतरतात

वडील शेवटी आडवेच उतरले, आणि थाटात उतरले. पण हे अजून झालेलंच नाही असं धरून चालू — कारण मोजपट्टीचं पत्र्याचं टोक लिफ्टच्या मागच्या भिंतीला टेकून दुमडत होतं, आणि मुलगा ते पुन्हापुन्हा सरळ करत होता, जणू पुढच्या खेपेला लिफ्टच ओशाळून जराशी लांब होईल.

लिफ्ट ओशाळली नाही.

"उभे करून नेऊ," मामा म्हणाला. मामाची कंबर नेमकी कामाच्या वेळी धरते. "दोन मिनिटांचा प्रश्न. मी पाठीमागून टेकू देतो."

"नाही," आतून आई म्हणाली. "जन्मभर बसमध्ये उभे राहून तिकिटं फाडली. आज ते झोपूनच जाणार."

तेही खरंच... रिकामी सीट शेजारी असायची आणि हे दांडीला पाठ लावून उभे — बसा ना बाबा — सीट पॅसेंजरची असते — आणि मग एक म्हातारी चढली की भर बसमध्ये मलाच, "उठा साहेब!" — अहोजाहो करत, पोटच्या पोराला. मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज हा वाक्प्रचार वापरू नये असं त्याला वाटलं, पण तोवर वापरून झाला होता.

जिना अरुंद, वडील भरदार, खांदे दोन. तेही त्याचेच.

लिफ्ट कुणी अडवलीय म्हणून भांडायला खालच्या मजल्यावरून हमालांचा मुकादम वर आला. तिथे कुणीतरी घर बदलत होतं. त्याने उघड्या दारातून आत पाहिलं, भांडण गिळलं आणि कठडा चाचपला.

"वळतील. आत्ताच तीनदारी कपाट उतरवलंय. वळणावरसुद्धा उभं करावं लागलं नाही."

"तुमचं काम खोळंबेल."

"सोफा राहिलाय. बसेल की वाट बघत."

चार अनोळखी माणसांनी वडिलांना रजईत घेतलं, पट्टे आवळले, उचललं. आणि दर वळणावर मुकादम सवयीने ओरडत राहिला, "सावकाश रे, काच आहे!" कुणीही त्याला दुरुस्त केलं नाही. दारं उघडत होती, माणसं भिंतीला चिकटून वाट देत होती. वडील तसूभरही कलले नाहीत.

खाली मात्र त्याच सवयीने त्यांनी वडिलांना स्वतःच्या टेम्पोत चढवलं, फ्रिजच्या बाजूला, आणि दोरीही बांधली.

"अहो, गाडी ही इकडे!" शववाहिनीचा ड्रायव्हर ओरडला.

मुकादमाने जीभ चावली. "चुकलं. काढतो."

"राहू दे," आई म्हणाली. ती केव्हाच टेम्पोत चढून उशाशी बसली होती. "ऐसपैस झोपलेत."

"न्या हो," ज्यांचा फ्रिज त्या बाई म्हणाल्या. "सामान जाईल मागाहून."

टेम्पो निघाला, मागे रिकामी शववाहिनी, तिच्यात मामा, कंबरेसह. आता रडू येईल म्हणून आईशेजारी बसून तो वाट पाहत होता. पण जे वर येत होतं ते रडू नव्हतंच — माझे वडील, पाहिलंत का, माझे वडील, कसे उतरले! — असा काहीतरी ताठा होता, आणि तो कुठे ठेवावा हे कळेना. मग मनातल्या मनात अर्ज सुरू झाला :

प्रति, संबंधित अधिकारी. महोदय, उपरोक्त गृहस्थांना केवळ पाच मिनिटांकरिता जागे करून, आपण जिन्यावरून कसे उतरलो ते त्यांच्या निदर्शनास आणून द्यावे, व तदनंतर त्यांना पूर्ववत करण्यात यावे, ही नम्र विनंती.