हळदीची गाणी आणि अर्जातलं नाव

रविवारी सकाळी भांडुपच्या परबांच्या घरात पंखा बंद असायचा. मिक्सर लावायला बंदी, कुकरची शिटी होऊ द्यायची नाही, आणि शेजारच्या रतनला टीव्ही हळू करायची विनंती आधीच गेलेली. स्वयंपाकघरात विमलाकाकी पाटावर बसून मांदेली साफ करायच्या आणि समोर त्यांची पुतणी श्रुतिका मोबाइलवर रेकॉर्डिंग लावून बसायची. काकींचे हात माशांत आणि तोंडी लग्नातली गाणी. मुहूर्तमेढीची, घाण्याची, हळदीची, तेल उतरवण्याची. दोनशेच्या वर गाणी त्यांना पाठ होती.

श्रुतिका गोरेगावच्या एका कंपनीत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळात इंटरनेटवरच्या एका मुक्त ज्ञानकोशात लिहायची. तिथे लिहिणाऱ्याला मोबदला नसतो आणि वाचणाऱ्याला पैसे मोजावे लागत नाहीत. अशा कामांना एक संस्था दर वर्षी अनुदान देते, हे कळल्यावर तिने अर्ज करायचं ठरवलं. मालवणी लग्नगीतं ध्वनिमुद्रित करायची आणि अर्थासकट जगाला खुली ठेवायची.

"माझी गाणी कोण ऐकतला गो?" काकींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"कोणीही. आणि प्रत्येक गाण्याखाली तुझं नाव असेल. गायिका, विमला परब."

"गायिका," काकी स्वतःशीच म्हणाल्या आणि हसल्या. त्या दिवशी माशांत मीठ पडायचं राहिलं.

या हसण्यामागचं कारण सांगायला हवं. सव्वीस वर्षांपूर्वी विमलाकाकींचे यजमान गेले आणि तेव्हापासून नात्यातल्या एकाही हळदीला त्या मांडवात बसल्या नाहीत. त्यांची जागा आत, वाटाणे सोलायला. बाहेर सवाष्णी गाणं सुरू करत आणि दुसऱ्या कडव्याला अडकत. मग एखादी लगबगीने स्वयंपाकघराच्या दारात येई आणि विचारी, "काकी, फुडे काय?" काकी वाटाणे सोलता सोलता पुढची ओळ सांगत. ती बाई ओळ घेऊन बाहेर जाई आणि गाणं पुढे चाले. म्हणजे गाणं शुभ, ओळ शुभ, ती ओळ जिच्या तोंडून आली ती बाई तेवढी अशुभ. यात काही विचित्र आहे, असं सव्वीस वर्षांत कोणाच्या मनातही आलं नाही.

अर्जाला एक अट होती. हे ज्ञान ज्या समाजाचं, त्या समाजाच्या एखाद्या संस्थेचं पाठिंब्याचं पत्र हवं. श्रुतिका गावच्या मुंबई मंडळाच्या अध्यक्षांकडे, भाऊ सावंतांकडे गेली. अर्जाला जोडायच्या नमुन्याच्या चित्रफितीतलं गाणं ऐकून भाऊ खूश झाले.

"झकास काम. पण व्हिडिओत तुझी काकी नको," ते म्हणाले.

"का?"

"हळदीची गाणी आसत. सवाशीण बाई दाखव. आमची शर्मिष्ठा आसा, महिला शाखेची अध्यक्षा. आवाज काकीचोच रवांदे, कोणाक कळता? तुका पत्र होया मा?"

श्रुतिका दहा मिनिटं भांडली. मग तयार झाली. एकदा अनुदान मिळू दे, मग बदलू, असं तिने स्वतःला समजावलं. आपल्याकडचे बरेचसे अन्याय याच एका वाक्याच्या आधाराने सुखेनैव चालतात. पत्र मिळालं. काकींना मात्र तिने काहीच सांगितलं नाही.

पुढच्या रविवारी मंडळाच्या सभागृहात अर्ज दाखवायचा कार्यक्रम झाला. काकी ठेवणीतली मोतिया साडी नेसून आल्या आणि तिसऱ्या रांगेत बसल्या. पडद्यावर हिरवा चुडा, नाकात नथ, कपाळावर ठसठशीत कुंकू अशी शर्मिष्ठा आली. तिचे ओठ हलले आणि सभागृहात काकींचा आवाज भरून राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग अर्जाचं पान आलं. प्रमुख गायिका : शर्मिष्ठा सावंत. खाली बारीक अक्षरांत, साहाय्य : विमला परब.

काकी उभ्या राहिल्या.

"ह्यो आवाज माझो आसा," त्या म्हणाल्या.

शर्मिष्ठाने मान खाली घातली. "काकी, माका नुसते ओठ हलव म्हणान सांगल्यानी."

"वयनी, मनाक लावन घेव नको," भाऊ समजुतीच्या सुरात म्हणाले. "आपल्या गावाचा नाव होतला."

"गावाचा होतला. माझा खय गेला?" काकींनी विचारलं. मग त्या श्रुतिकाकडे वळल्या. "तुका ठावक होता?"

श्रुतिकाने पडद्यावरचं ते पान घाईघाईने बंद केलं. तेच उत्तर होतं.

घरी आल्यावर काकींनी साडी बदलली. साडीची घडी घालताना म्हणाल्या, "भाऊचा माका वायट वाटणा नाय. सव्वीस वर्षा तो ह्याच करता. पण तुका मी ह्या हातांनी न्हाऊमाखू घातलंय."

"भाऊ पत्रच देणार नव्हते गं. अर्जाची वाट लागली असती. तुझ्यामागे ही गाणी कोणाला येतायत? मला वाटलं, गाणी तरी वाचतील."

"गाणी वाचतली. आणि मी जित्याजिवी पुसून गेलंय, तेचा काय?"

सोमवारी श्रुतिकाने संमतीपत्र त्यांच्यापुढे ठेवलं, कारण गाणाऱ्याच्या सहीशिवाय अर्ज पुरा होत नव्हता आणि बुधवार शेवटची तारीख होती. एवढं झाल्यावरही तिने ते पुढे केलं, याची तिला पुढे फार लाज वाटली. काकी सातवी शिकलेल्या. त्यांनी बोट फिरवत सगळं वाचलं. हा आवाज माझा आहे. तो कोणीही ऐकावा, वापरावा. वापरताना माझे नाव द्यावे.

"ही नावाची अट कोणाक?"

"सगळ्यांना. जगात कोणीही वापरलं तरी."

"मगे घरातल्यांका माफ आसा काय?"

कागद त्यांनी सही न करता परत दिला.

मंगळवारी ऑफिसात जेवायच्या सुट्टीत श्रुतिकाने अर्ज पुन्हा उघडला. चित्रफीत काढली. पत्राशिवायच अर्ज पाठवते, तुमचं पत्र नको, असं भाऊंना फोन करून कळवलं. "मगे तुझो अर्ज कोण इचारता?" म्हणत त्यांनी फोन ठेवला. अर्जाखाली कोणालाही वाचता येईल असं चर्चेचं पान होतं. तिथे तिने लिहिलं, 'नमुन्याच्या चित्रफितीतला चेहरा गाणाऱ्या बाईंचा नव्हता. त्या विधवा आहेत म्हणून त्यांना वगळलं. हे मंडळाने सुचवलं आणि मी केलं.' वर नाव दुरुस्त केलं. प्रमुख गायिका : विमला परब.

संध्याकाळी तिने धावत येऊन ते काकींना दाखवलं. काकी तांदूळ निवडत होत्या. मोबाइल हातात घेऊन त्यांनी आपलं नाव वाचलं, चर्चेचं पानही वाचलं. श्रुतिकाला वाटलं, आता त्या जवळ घेतील.

"नाव काढलंस, तेव्हा माका इचारलंस नाय," काकी म्हणाल्या. "माझा रांडवपण जगाक सांगलंस आणि नाव घातलंस, तेव्हाय इचारलंस नाय."

श्रुतिका खाली बसली. तिला रडू आलं, पण रडून काकींवर ओझं टाकायचं नाही एवढं तिला त्या दोन दिवसांत कळलं होतं. काकींच्या देखतच तिने पानावरचा मजकूर पुसला. वरचं नावही काढलं. ती जागा कोरी ठेवली.

"काकी, तुझी गाणी मी पाठवू का? तुझ्या नावाने? तुझ्याबद्दल काय लिहायचं, ते तू सांग."

काकींनी सूप हलवलं, दोन खडे बाजूला टाकले.

"इचार करून सांगतंय," त्या म्हणाल्या.

बुधवार उजाडला आणि मावळला. मुदत टळली. श्रुतिकाने अर्ज पाठवला नाही आणि काकींना आठवणही करून दिली नाही. सव्वीस वर्षं जिला कोणी काही विचारलं नाही, तिला उत्तर द्यायला थोडा वेळ लागणारच.