भिंत उतरवताना

रुक्मिणीबाईंनी गवंड्याला दारातच बजावलं, "हे बघ हरेश्वर, या घरात 'पाडायची' म्हणायचं नाही. भिंत उतरवायची आहे."

"उतरवायला ती काय घोड्यावर बसलीय, काकू?"

"चेष्टा नको. वर सून दोन जिवांची आहे."

हे ऐकून हरेश्वरने खाली ठेवलेली पहार परत उचलून खांद्यावर टाकली. पोटुशी बाई घरात असताना भिंतीला घाव घालत नाहीत, हे त्यालाही ठाऊक होतं. रुक्मिणीबाईंना तर त्याच्याहून जास्त. पण गेल्या वर्षी ह्याच जिन्यात नीलाचा पाय सरकला आणि पोटातलं पडलं. तेव्हापासून तो शब्द त्यांच्या कानांना सोसत नव्हता.

पार्ल्याच्या त्या गल्लीत वीज अजून यायची होती. खाली भाडेकरू, वर हे कुटुंब. जिना दोन भिंतींच्या मधून चढायचा. भरदुपारीही आत काळोख. संडास मागच्या अंगणात, त्यामुळे वरखाली करण्यावाचून सुटका नाही. ओटीकडची भिंत काढली तर उजेड येईल, एवढं सांगून मुलगा श्यामकांत कचेरीला निघून गेला होता. भिंतीला हात लावावा तर एक भीती, न लावावा तर दुसरी. शेवटी रुक्मिणीबाईंनीच वाट काढली होती: भिंत काढायची, पण घाव घालायचा नाही.

"चुन्याची भिंत आहे," त्या म्हणाल्या. "पाणी मार, भिजू दे, आणि वरून एकेक वीट सुटी करून हातात घे."

"अशाने गणपती येतील, काकू."

"येऊ देत. त्यांनाही उजेडात वर नेऊ."

हरेश्वर हसला आणि कामाला लागला.

नीलाला मागच्या खोलीतून हलायचं नाही असं सांगितलं होतं. तिथूनच ती ओरडली, "आई, बसून बसून कंटाळले हो. तांदूळ तरी निवडू?"

"निवड. पण तिथेच."

दुपारपर्यंत भिंत अर्धी उतरली. विटेचा जरा खडखडाट झाला तरी रुक्मिणीबाईंचा हात आपल्याच पोटाशी जायचा. मागच्या विहिरीवर त्या आणखी पाणी शेंदत होत्या, तेवढ्यात धप्पकन आवाज आला आणि हरेश्वर ओरडला,

"पडली! पडली!"

रुक्मिणीबाईंच्या हातून दोर सुटला. कोण पडली, हे विचारायलाही सवड नव्हती. त्या धावल्या, उंबऱ्याची ठेच लागली तरी थांबल्या नाहीत. ओटीवर धुरळाच धुरळा. त्यात हरेश्वर चुन्याने पांढरा होऊन उभा.

"घाव नाही घातला हो, काकू! देवाशपथ. पाणी जास्त मुरलं, भिंत आपणहून बसली."

"नीला!"

"आहे मी, आई."

आवाज वरून आला. धुरळा खाली बसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना तो जिना खालपासून वरपर्यंत एका नजरेत दिसला. सर्वांत वरच्या पायरीवर हातात सूप घेऊन नीला उभी होती. आवाज ऐकून आली असणार. रुक्मिणीबाईंनी डोळे मिटले.

"अगंबाई! तुमच्या अंगठ्याला रक्त आलंय!" म्हणत नीला खाली यायला निघाली. रोजच्या सवयीने तिचा हात भिंतीकडे गेला. तिथे भिंत नव्हती.

"थांब!"

नीलाचा तोल गेला, सावरला, आणि ती मटकन पायरीवर बसली. सुपातले तांदूळ पायऱ्यांवरून सांडत खाली आले.

उजेडाच्या नादात हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. काळोखात ती पोर जिच्या आधाराने चढत-उतरत होती, तीच भिंत त्यांनी काढली होती.

रुक्मिणीबाई तांदूळ तुडवत वर चढल्या. मोकळ्या बाजूला, नीला आणि त्या पोकळीच्या मध्ये, अंग चोरून बसल्या. नीलाचे हात गार पडले होते. आपलेही तसेच आहेत, हे तिला कळू नये म्हणून त्यांनी स्वतःचे हात पदराखाली घेतले.

"हरेश्वर, जेवायला नंतर जा. आधी सुताराला घेऊन ये. कठडा लागल्याशिवाय मी इथून उठायची नाही."

"सुतार चेंबूरला गेलाय, काकू."

"मग चेंबूरला जा."